शिक्र्याचे घरटे आणि गोल्फ मैदानाची भिंत

पुण्यात येरवड्याच्या गोल्फ क्लब चौकातून रोज हजारो माणसे जातात, पण ज्या मैदानावरून त्या चौकाला नाव मिळाले ते मैदान आतून पाहिलेली माणसे त्यांत फार थोडी असतील. मीही ते आतून पाहिलेले नाही. मात्र मैदानाच्या भिंतीला लागून असलेल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर माझी मावशी राहते आणि तिच्या मागच्या गॅलरीतून भिंतीपलीकडचा एक मोठा विलायती शिरीष इतका जवळ दिसतो की दुर्बीण लावली तर त्याच्या सालीच्या भेगाही मोजता येतात. गेल्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्या झाडाच्या वरच्या बेचक्यात शिक्र्याच्या एका जोडीने काड्या आणायला सुरुवात केली. तेव्हापासून जूनच्या मध्यापर्यंत, जमेल त्या प्रत्येक सकाळी, कामाला जाण्याआधी तासभर मी त्या गॅलरीत बसत होते. त्या तीन महिन्यांत जे पाहिले त्यामुळे शहरांतल्या गोल्फ मैदानांविषयीचे माझे मत बदलले. ही मैदाने आहेत तशी राखावीत की लोकांना द्यावीत, हा वाद आज जागोजागी पेटतो आहे, म्हणून ते मत सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

आधी त्या पक्ष्याविषयी. घारीखालोखाल आपल्या शहरांत आढळणारा शिकारी पक्षी म्हणजे शिक्रा. आकार साधारण कबुतराएवढा, पाठ राखी, छातीवर तांबूस रंगाच्या बारीक आडव्या रेघा, नराचा डोळा तांबडा तर मादीचा पिवळा, आणि मादी नरापेक्षा चांगलीच मोठी. ज्यांनी शिक्रा कधी ओळखून पाहिलेला नाही, त्यांनीही त्याची नक्कल बहुधा पाहिलेली असते, कारण मृगाच्या आधी ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून ओरडणारा आपला पावशा हुबेहूब शिक्र्याचाच वेश घेऊन वावरतो. पावशाला आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालायची असतात. शिक्रा आला असे वाटून छोट्या पक्ष्यांची पांगापांग होते आणि ती त्याच्या पथ्यावर पडते. शेतकऱ्याच्या कानात शतकानुशतके बसलेल्या त्या हाकेमागे एका शिकारी पक्ष्याचा धाक उभा आहे, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे.

घरट्यातली अंडी मला दिसली नाहीत. मादी एकदा बसली की जवळजवळ तीन आठवडे तिच्या शेपटीचे टोक आणि डोक्याचा माथा एवढेच काय ते दिसे. दिसायचा तो नराचा दिनक्रम. सकाळी सात-साडेसातच्या सुमाराला तो पायांत सरडा धरून येई, पण थेट घरट्यावर कधीच उतरत नसे. शिरीषापासून काही अंतरावर एक निलगिरी होती, तिच्या वठलेल्या फांदीवर बसून तो दोन सुरांची बारीक, धारदार हाक देई. मादी उठून तिथे जाई, त्याच्या पंजातला सरडा आपल्या पंजात घेई आणि तिथेच बसून खाई. तोवर नर घरट्याच्या कडेला येऊन पहारा देत उभा राही. ती परतली की हा हिरवळीवरून जमिनीलगत सरळ रेषेत उडत दूरच्या झाडीत नाहीसा होई. एवढा सगळा व्यवहार पाच-सात मिनिटांत उरके. मावशीला त्याची वेळ माझ्याआधी पाठ झाली. ‘अगं, चहा राहू दे, आला बघ तो डबा घेऊन,’ असे ती स्वयंपाकघरातूनच सांगे.

या सगळ्या वेळात झाडाखालून माणसे जात असत. गवत कापणारे यंत्र घरघरत जाई, खेळणाऱ्यांच्या काठ्यांच्या पिशव्या खांद्यावर वाहणारे कॅडी बोलत जात, खेळणारे जात, चेंडूवर काठी बसल्याचा ‘टक्’ असा कोरडा आवाज येई. मादी मानही वळवत नसे. तीच मादी, वरून घार गेली किंवा जवळच्या फांदीवर डोमकावळा येऊन बसला, की अंग चपटे करून घरट्यात दबून जाई किंवा बाणासारखी सुटून त्याला हुसकावून लावी. रोज ठरलेल्या वाटेने, ठरावीक वेळी जाणारा माणूस तिच्या लेखी धोकादायक नव्हता. पुढच्या युक्तिवादात मला या निरीक्षणाकडे पुन्हा यायचे आहे.

गोल्फ मैदानांविषयीचा वाद ढोबळमानाने दोन बाजूंनी लढवला जातो. एक बाजू म्हणते की अठरा होलच्या मैदानाला शंभर एकरांहून अधिक जागा लागते, ती काहीशे सभासदांना वापरायला मिळते आणि भिंतीच्या दुसऱ्या अंगाला, जिथे मुले दोन मोटारींच्या मधल्या जागेत क्रिकेट खेळतात, तिथे माणसाला पाय मोकळे करायला जागा नाही. यांपैकी अनेक जमिनी सरकारी मालकीच्या आहेत आणि जुन्या भाडेपट्ट्यांवर दिलेल्या आहेत, तेव्हा त्या परत घ्याव्यात आणि लोकांना द्याव्यात. दुसरी बाजू म्हणते की ही शहराची फुप्फुसे आहेत, इथे झाडे टिकली आहेत, पक्षी घरटी करतात, इथे एकदा हात लावला की उद्या इमारती उभ्या राहतील. दोन्ही बाजूंचे म्हणणे मला तळमळीचे वाटते आणि दोन्हींत तथ्य आहे. तरीही शिक्र्याच्या त्या घरट्याकडे तीन महिने पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की मैदान मोकळे आणि रात्री काळोखे राहिले पाहिजे, आणि तरीही त्याची भिंत आज आहे तशी बंद राहता कामा नये. या दोन मागण्या परस्परविरोधी वाटतात, पण तशा त्या नाहीत.

शिक्रा तिथे का आला, याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. त्याला उंच, जुनी, बेचके असलेली झाडे लागतात आणि ती एकमेकांपासून थोडी सुटी असावी लागतात. झाडांच्या मध्ये आखूड गवत असले की सरडा, उंदीर, खार उघड्यावर दिसतात. मैदानाच्या कडेला, खेळाच्या भाषेत ज्याला रफ म्हणतात त्या पट्ट्यात, गवत वाढू दिलेले असते आणि तिथे त्याच्या भक्ष्याची वीण होते. रात्री दिवे नसतात. वठलेली फांदी कुणी कुरूप दिसते म्हणून तोडत नाही. आता आपल्या महापालिकांच्या उद्यानांकडे पाहा. झाडाच्या बुंध्यापर्यंत फरशी किंवा काँक्रीट येते, दर दहा पावलांवर दिव्याचा खांब असतो, झाडाच्या खोडाला रोषणाईच्या माळा गुंडाळलेल्या असतात, ध्वनिवर्धकावर सकाळ-संध्याकाळ गाणी वाजतात, गळलेली पाने त्याच दिवशी झाडून नेली जातात आणि वठलेली फांदी दिसली की कुऱ्हाड चालते. याला आपण सुशोभीकरण म्हणतो. उद्यानात माणसे येतात म्हणून तिथे शिक्रा राहत नाही, हे म्हणणे मला पटत नाही. माणसांच्या नावाखाली आपण तिथे जे करून ठेवतो, त्यामुळे तो राहत नाही. शिरीषाखालून जाणाऱ्या माणसांकडे त्या मादीने ढुंकूनही पाहिले नाही, हे मी रोज पाहत होते.

म्हणूनच ‘मैदान घ्या आणि उद्यान करा’ या मागणीला माझा पाठिंबा नाही. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उपवनासाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर क्लबकडे, असा निर्णय २०२४ मध्ये झाला. एवढी मोठी जागा सर्वांसाठी खुली होणे ही आनंदाचीच गोष्ट आहे आणि त्यासाठी ज्यांनी आग्रह धरला त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्या मोकळ्या जमिनीच्या पोटात आणि पाठीवर काय काय बांधता येईल याचीच चर्चा तेव्हापासून अधिक होताना पाहिली की काळजी वाटते. मोकळी जागा लोकांच्या हाती आली की तिच्यावर काहीतरी उभारलेच पाहिजे, अशी एक सवय आपल्या नगररचनेला जडली आहे. ती सवय सुटेपर्यंत गोल्फचे मैदान हे मैदानच राहिलेले मला बरे वाटते.

याचा अर्थ गोल्फ हा पक्ष्यांचा कैवारी आहे, असा मात्र मुळीच नाही. नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सच्या खाडीकाठी, जिथे रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे थवे उतरतात त्या पाणथळ पट्ट्यात, गोल्फ मैदान आणि निवासी इमारती उभारण्याचा बेत होता. नागरिक न्यायालयात गेले, २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेताला चाप लावला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. जिथे आधीच पाणी, चिखल आणि खारफुटी आहे तिथे हिरवळ अंथरणे म्हणजे एका समृद्ध जागेवर गरीब जागा लादणे होय. जुने मैदान राखणे आणि नवे मैदान आखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या नावाने दुसरीला मान्यता मिळवण्याचा प्रयत्न झाला, तर त्याला विरोधच व्हायला हवा.

शिवाय हिरवळ म्हणजे निसर्ग नव्हे. चेंडू ज्या खळग्यात घालायचा त्याच्या भोवतालच्या, ‘ग्रीन’ म्हटल्या जाणाऱ्या भागातले गवत गालिच्यासारखे ठेवायचे तर पाणी, खत, बुरशीनाशक, तणनाशक हे सगळे आले, आणि उंदीर-घुशींनी बिळे केली की विषाचे आमिष आले. शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत विषाचा इतिहास फार दुःखद आहे. शिक्र्याचा युरोपातला भाऊबंद असलेला ‘स्पॅरोहॉक’ १९६० च्या आसपास पूर्व इंग्लंडमधून जवळजवळ नाहीसा झाला, कारण बियाण्याला लावलेले कीटकनाशक दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांच्या अंगातून त्याच्या अंगात उतरत होते. डीडीटी या कीटकनाशकामुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांचे कवच पातळ होते आणि उबवता उबवता फुटते, हे डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश संशोधकाने १९६७ मध्ये संग्रहालयांतली जुनी अंडी आणि नवी अंडी ताडून पाहून दाखवून दिले. उंदरांसाठी आज सर्रास वापरली जाणारी, रक्त गोठू न देणारी औषधे त्याच वाटेने जातात. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, तो दोन-चार दिवस सुस्तावलेला उघड्यावर फिरतो आणि नेमका तोच कापशी घारीच्या, घुबडाच्या, शिक्र्याच्या हाती लागतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२० मध्ये कायदा करून या औषधांतल्या सर्वांत जहाल गटाच्या वापरावर कडक निर्बंध घातले. आपल्याकडे गव्हाणी घुबड आणि कापशी फुकटात उंदीर मारून देत असताना मैदानाच्या कडेला विषाच्या गोळ्या टाकणे हे त्या पक्ष्यांना पगाराऐवजी विष देण्यासारखे आहे.

यातूनच माझा दुसरा मुद्दा निघतो आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरटे आहे म्हणजे पक्षी सुखरूप आहे, असे समजता येत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टूसॉन नावाचे वाळवंटी शहर आहे. तिथल्या बागांत, वस्त्यांत, मोठ्या निलगिरींवर ‘कूपर्स हॉक’ हा शिक्र्याच्याच ठेवणीचा पक्षी मोठ्या संख्येने घरटी करतो. १९९० च्या दशकात तिथल्या संशोधकांनी शहरातली आणि शहराबाहेरची घरटी वर्षानुवर्षे पाहिली, तेव्हा असे दिसले की शहरातल्या घरट्यांतली जवळजवळ निम्मी पिल्ले उडण्याआधीच मरत होती, तर शहराबाहेर हे प्रमाण अगदी किरकोळ होते. मृत्यूचे मुख्य कारण होते पारव्या-होल्यांच्या तोंडातून येणारा, घशात गाठी करणारा एक परजीवी रोग. शहरात या पक्ष्यांची रेलचेल, म्हणून शिकाऱ्याला खाणे भरपूर, आणि त्याच खाण्यात पिल्लांचे मरण. पुढे अधिक वर्षे अभ्यास झाला तेव्हा हेही कळले की वाढलेले पक्षी शहरात चांगले तग धरतात आणि त्यामुळे एकूण संख्या टिकून राहते. म्हणजे पहिल्या नजरेला शहर स्वर्ग वाटले, दुसऱ्या नजरेला सापळा, आणि तिसऱ्या नजरेला त्या दोहोंच्या मधले काहीतरी. ही तिसरी नजर यायला घरट्याखाली वर्षानुवर्षे माणसे उभी राहावी लागली.

आपल्याकडच्या क्लबांनी ‘आमच्याकडे पक्षी आहेत’ असे सांगितले की मला विचारावेसे वाटते की घरटी किती होती, त्यांतून पिल्ले किती उडाली, आणि हे मोजले कुणी. मोजायचे तर पाहणारे हवेत, आणि पाहणारे भिंतीबाहेर आहेत. माझ्या शिक्र्यांची तीन पिल्ले होती आणि तिन्ही उडाली, हे मी ठामपणे सांगू शकते ते केवळ मावशीची गॅलरी योग्य जागी होती म्हणून. त्याच मैदानात, माझ्या नजरेच्या टप्प्यापलीकडच्या झाडांवर काय घडले, हे मला सांगता येणार नाही.

तिसऱ्या पिल्लाची गोष्ट थोडी सविस्तर सांगते. मेच्या अखेरीस एका दुपारी वळवाने झोडपून काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी घरट्यात दोनच पिल्ले होती आणि मादी खालच्या फांद्यांवर येरझारा घालत ओरडत होती. पंख पुरते न फुटलेले तिसरे पिल्लू झाडाखालच्या ओल्या गवतात, पंख पसरून, चोच उघडी टाकून बसलेले मला दुर्बिणीतून दिसले. मी वरून हाका मारणार तेवढ्यात एक वयस्कर कॅडी तिथे आला. त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, डोक्यावरची टोपी काढून तिच्यात ते पिल्लू अलगद उचलले आणि शिरीषाच्या सगळ्यांत खालच्या जाड फांदीवर बसवले. मादीने दोनदा त्याच्या डोक्यावरून झेप घेतली, तेव्हा तो हात वर धरून वाकला, पण पळाला नाही. मग दहा पावले मागे जाऊन, ती पिल्लाजवळ उतरेपर्यंत, तो झाडाकडे पाहत उभा राहिला. पुढचे आठ-नऊ दिवस नर-मादी त्या खालच्या फांदीवर खाणे आणत राहिले. त्या माणसाने पिल्लू घरी नेले नाही, दूध पाजले नाही, कुणाला फोन करून खोक्यात भरून पाठवले नाही. पडलेल्या पिल्लाच्या बाबतीत नेमके हेच करायचे असते. पुस्तकातून न शिकता, तीस-चाळीस वर्षे त्याच झाडांखाली चालून त्याला ते ठाऊक होते. नंतर एकदा भिंतीबाहेरच्या चहाच्या टपरीवर तो मला भेटला तेव्हा म्हणाला, ‘ताई, त्या निलगिरीवर आधी बसायचे ते. चार साल झाली, इकडं आलेत.’ घरट्यांचा एवढा इतिहास ज्याला तोंडपाठ आहे, त्याचे हे ज्ञान कुठल्याही वहीत उतरलेले नाही.

याउलट घटनाही मी जवळून पाहिली आहे. त्याआधी दोन वर्षे, आम्ही राहतो त्या सोसायटीत, मेमध्ये पावसाळ्यापूर्वीची छाटणी झाली. रीतसर अर्ज झाला, परवानगी मिळाली, करवत घेऊन माणसे आली आणि शिरीषाच्या मोठ्या फांदीबरोबर शिक्र्याचे घरटे खाली आले. दोन पिल्ले फरशीवर आपटून मेली. त्या अर्जावर माझीही सही होती. फांदी गाडीवर पडेल या भीतीने ती मी केली होती, आणि सही करण्याआधी एकदाही वर मान करून पाहिले नव्हते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ वाचला तो मी त्यानंतर. त्यात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे किंवा त्यांच्या अंड्यांना, घरट्यांना धक्का लावणे हेही येते. बंदूक हाती न घेता, एका सहीने, आम्ही सगळ्यांनी मिळून कायद्याच्या भाषेत शिकार केली होती. वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करण्याची पद्धत १९७५ च्या झाडांविषयीच्या अधिनियमाने घालून दिली, पण व्यवहारात अर्जाचा विचार होतो तो झाडाचा. झाडावर कोण राहते हे पाहायला कुणी शिडी लावत नाही. आणि छाटणीचा हंगाम आपण नेमका घरट्यांच्या हंगामावर, मार्च ते जूनवर, आणून ठेवला आहे. धोकादायक फांद्या थंडीत, नोव्हेंबर ते जानेवारीत, काढता येतात. घारी त्याच सुमाराला घरट्यांना लागतात, म्हणून तेव्हाही आधी वर चढून पाहायला हवेच. पण पानगळीनंतर घरटे निदान डोळ्यांना दिसते तरी.

आता भिंतीविषयी. मैदान लोकांना खुले करा म्हटले की पहिला आक्षेप सुरक्षिततेचा येतो, आणि तो खोटा नाही. वेगाने येणारा गोल्फचा चेंडू डोक्यात बसला तर जीव जाऊ शकतो. दुसरा आक्षेप खेळाच्या परंपरेचा असतो. या दोन्हींचे उत्तर गोल्फच्याच जन्मभूमीत आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावातले ‘ओल्ड कोर्स’ हे जगातले सर्वांत प्रसिद्ध आणि अत्यंत जुने गोल्फ मैदान. १५५२ च्या एका सनदेने त्या किनाऱ्यालगतच्या जमिनीवरचा गावकऱ्यांचा हक्क नोंदवून ठेवला, आणि ती जमीन आजही सार्वजनिक मालकीची आहे. तिथे रविवारी एरवी गोल्फ खेळत नाहीत. गवताला विसावा मिळतो आणि गावातली माणसे, मुले, कुत्री त्या हिरवळीवरून समुद्राकडे फिरायला जातात. ज्या मैदानावर एकदा खेळायला मिळावे म्हणून जगभरातले लोक वर्षानुवर्षे वाट पाहतात, ते मैदान आठवड्यातून एक दिवस गावाचे असते, आणि त्याने त्याची प्रतिष्ठा तसूभरही कमी झालेली नाही. आपल्याकडे गोल्फ आला तो साहेबाबरोबर. कोलकात्याचा ‘रॉयल कलकत्ता’ क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. खेळ आला, काठ्या आल्या, गणवेश आले, सभासदत्वाचे नियम आले. गावकऱ्यांचा रविवार मात्र आला नाही. वसाहतीत तो येणार नव्हताच. पण स्वातंत्र्याला पंच्याहत्तरहून अधिक वर्षे झाल्यावरही तो का येऊ नये?

माझी मागणी लहान आहे. सरकारी जमिनीवरच्या गोल्फ मैदानांचे भाडेपट्टे जेव्हा नव्याने होतील, तेव्हा त्यांत काही अटी घातल्या जाव्यात. आठवड्यातून एका सकाळी, सूर्योदयापासून दोन-तीन तास, मैदान खेळासाठी बंद आणि पाहणाऱ्यांसाठी खुले असावे. नावे नोंदवून, मोजकी माणसे सोडावीत आणि त्यांतल्या निम्म्या जागा भिंतीलगतच्या वस्त्यांतल्या शाळांना द्याव्यात. सोबतीला वाटाडे म्हणून कॅडी असावेत आणि त्या कामाचा त्यांना रीतसर मोबदला मिळावा, कारण त्या झाडांचे खरे जाणकार तेच आहेत. मार्च ते जून कुठल्याही झाडाला करवत लागू नये. विषाची आमिषे पूर्ण बंद व्हावीत, आणि कुठले रसायन किती वापरले याची नोंद मागेल त्याला दाखवावी. घरट्यांची आणि उडालेल्या पिल्लांची वही दरवर्षी भरली जावी. रात्री खेळण्यासाठी प्रखर दिव्यांचे खांब उभारायला परवानगी असू नये.

यावर पक्षीप्रेमींकडूनच एक हरकत येईल आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. लोकांना घरट्याची जागा कळली की मोठ्या लेन्स घेतलेल्यांची झुंबड उडते, कुणी चांगले छायाचित्र मिळावे म्हणून आडवी फांदी तोडतो, कुणी पक्ष्याला उडवण्यासाठी टाळ्या वाजवतो. हे होते, मी पाहिले आहे. म्हणूनच झाडाची जागा जाहीर करू नये, अंतर ठरलेले असावे, आणि ते पाळले जाते की नाही हे पाहायला कॅडी असावा. परंतु या भीतीपोटी सर्वांनाच बाहेर ठेवणे मला मान्य नाही. भिंतीलगतच्या वस्तीतली काही मुले गच्चीवर कबुतरे पाळतात, आणि शिक्रा त्यांचा शत्रू. त्यांतल्या दोघांना मी एकदा मावशीच्या गॅलरीत बोलावले. बारा-तेरा वर्षांची ती मुले सुरुवातीला घरट्याकडे रागानेच पाहत होती. मग नर सरडा घेऊन आला, हाक झाली, मादी गेली, सरडा या पंजातून त्या पंजात गेला. धाकट्याने दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘हा स्वतः खात नाही काय?’ त्यानंतर पिल्ले उडेपर्यंत तो दर रविवारी आला, आणि दुर्बिणीतून पाहण्याआधी नुसत्या हाकेवरून नर कुठल्या बाजूने येतो आहे हे सांगू लागला. त्या मुलाचे घर मैदानाच्या भिंतीपासून शंभर पावलांवर आहे. त्या झाडाखाली तो आजवर कधीही उभा राहिलेला नाही.

या वर्षीही फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मावशीचा फोन आला. निलगिरीवरून हाक ऐकू येते आहे, पण शिरीषावर अजून काडी दिसत नाही, बहुधा या खेपेला त्यांनी आतले झाड धरले असावे, असे ती म्हणाली. तसे असेल तर गॅलरीतून ते दिसणार नाही.